आठ बोटांचं मशीन

सर, काल लेक पुण्याहून आली आणि तिनं जेवणाच्या टेबलावर दोन वस्तू मांडल्या. एक कॉम्प्युटरचा कीबोर्ड आणि शेजारी त्याच राखाडी रंगाची, नुसत्या आकड्यांची एक छोटी पेटी. विकतचं नाही म्हणाली, दोन महिने बसून स्वतः आखलंय. कोणती कळ कुठं, किती जोरानं दबावी, आवाज कसा यावा, सगळं तिच्या बोटांच्या सवयीनं. मी एक कळ दाबून पाहिली. खट्. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला. "तुमच्या वेळी असले लाड नव्हते ना गं आई?" तिनं हसत विचारलं. "छे, कुठले," म्हणून मी भाकरी उलटायला आत गेले. म्हणजे तुमच्याबाबतीत मी पुन्हा एकदा खोटं बोलले. पहिल्यांदा बोलले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आणि ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. आज सांगायला बसलेय. वय झालं तरी तुमचा धाक आहेच.

वाशीमला बसस्टँडमागं पिठाच्या गिरणीच्या माडीवर तुमचा टायपिंगचा क्लास होता. खाली गिरणी सुरू झाली की वर सगळी मशीनं आपोआप थरथरायची आणि तुम्ही म्हणायचे, "घ्या, फुकटचा स्पीड." मी इंझोरीची, वाशीमला आत्याकडं राहून तुमच्याकडं यायचे. मराठीचं तीसच्या स्पीडचं सर्टिफिकेट मिळालं तर कचेरीतल्या नोकरीसाठी अर्ज करता येणार होता. बाबांनी चार माणसांसमोर सांगून टाकलं होतं, "एक डाव परीक्षा. पास झाली तं नोकरी, नाही तं कामरगावचं स्थळ." कामरगावचं स्थळ म्हणजे माझ्याहून वीस वर्षांनी मोठा बिजवर. त्याआधीची दोन स्थळं माझा डावा हात पाहून परत गेली होती. बाबा काही दुष्ट नव्हते. बुद्धविहारामागच्या आमच्या गल्लीत मुलीला गावाबाहेर ठेवून शिकवणारे तेच पहिले. पण लोकांना उत्तरं देऊन देऊन तेही थकले होते.

नऊ वर्षांची असताना कडबा कापायच्या यंत्रात माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. तेव्हापासून तो हात पदराखाली. तुमच्याकडं सहा महिने मान मोडून बसले तरी स्पीड अठराच्या वर सरकेना. तुमच्या मशीनवर अनुस्वार डाव्या करंगळीला होता आणि मात्रा तिच्या शेजारच्या बोटाला. मात्रेशिवाय आणि अनुस्वाराशिवाय मराठीचं एक वाक्य लिहून पाहावं, म्हणजे माझं दुखणं कळेल. त्यात परीक्षेला आकड्यांचा तक्ता असायचा. आकडे सगळ्यात वरच्या ओळीत आणि त्यातले निम्मे डाव्या हाताचे. एक दिवस मी अशीच प्रत्येक मात्रेला मधलं बोट तिकडं नेत होते आणि परत आणत होते, आणि तुम्ही किती वेळ माझ्यामागं उभे होतात मला कळलंच नाही.

"हात कायले लपवून राह्यली?" तुम्ही एकदम ओरडलात. सगळी मशीनं थांबली. "ठेव टेबलावर. मले माप पाह्यजे."

मला रडू फुटलं. "रडाचं तं मंग रडजो. आधी हात." तुम्ही फुलस्केप कागदावर माझा पंजा पसरून ठेवला आणि पेन्सिलीनं त्याभोवती रेघ ओढलीत, खुंटांभोवतीसुद्धा, चांभार पायाचं माप घेतो तशी. मग कागद उचलून बराच वेळ पाहत राहिलात. "हे मशीन दहा बोटाच्या मानसानं बनवलं. तुले आठ हायेत. आता मशीनले आठाचं शिकवू." त्या हाताकडं तोवर लोकांनी दयेनं पाहिलं होतं नाही तर किळसेनं. कामाची वस्तू म्हणून पाहणारे तुम्ही पहिले, सर. त्या दिवशी तुम्ही मला अतोनात आवडलात, हेही तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुम्ही क्लासातलं सगळ्यात जुनं मशीन उघडलंत. एकेका दांडीच्या टोकाला अक्षराचा खिळा डाग देऊन बसवलेला. तुम्ही ते डाग तापवून सोडवायचे आणि खिळे दुसरीकडं बसवायचे. अनुस्वार आणि मात्रा उजव्या हाताकडं आणल्यात, आणि तिथली क्वचित लागणारी अक्षरं डाव्या टोकाला धाडलीत. मात्रेची कळ फार छळायची, कारण मात्रा मारली की कागद धरणारं कॅरेज पुढं सरकायला नको, आणि ते हटकून सरकायचं. तीन वेळा ते सगळं उसवलंत. वरची अक्षरं काढायची शिफ्टची कळ माझ्या तळव्यानं दबावी म्हणून तिला पत्र्याची रुंद पट्टी जोडलीत. आणि मग ती डबी! सागाची, हाताच्या पंजाएवढी, तीन ओळींत नऊ कळा आणि खाली शून्य. मशीनच्या कळांसारख्याच काळ्या गोल चकत्यांवर पांढरे आकडे, रंगाऱ्याकडून काढून घेतलेले. "जोडी जमली पाह्यजे, सवतीवानी दिसू नये," असं तुमचं म्हणणं. डबीच्या खालून सायकलच्या ब्रेकच्या तारा निघून मशीनच्या आकड्यांना जोडलेल्या. मी उजव्या हातानं डबीवर पाच दाबला की तिकडं पाचाची कळ आपोआप खाली जायची, भूत बसल्यासारखी. क्लासातल्या मुली किंचाळल्या होत्या. दोन महिन्यांत माझा स्पीड चौतीसवर गेला. तेवढ्या काळात तुम्ही तीनदा अकोल्याला हेलपाटे घालून परवानगीचा कागद आणलात: उमेदवाराच्या हातास व्यंग असल्याने बदललेले यंत्र वापरू द्यावे. खाली परीक्षेच्या साहेबांच्या सहीसाठी जागा. हात दाखवायचा, सही घ्यायची आणि बसायचं.

तेव्हा परीक्षेला मशीन ज्यानं त्यानं आपापलं न्यायचं असे. आपण पाच जण एसटीनं अकोल्याला गेलो, मशीनं गोधड्यांत गुंडाळून टपावर, आणि एक साधं मशीन राखीव म्हणून जादा. डबी मात्र तुम्ही अख्ख्या रस्त्यानं मांडीवर धरली होती. क्लासच्या मास्तरांना फाटकापाशीच अडवत होते. तिथं तुम्ही डबी माझ्या हातात दिलीत. "कागद दे, हात दाखव, आन् बस. लाजशील तं मरशील."

आता मी त्या हॉलमध्ये आहे, आपली बाकीची मुलं दुसऱ्या हॉलमध्ये. चाळीस-पन्नास टेबलं, प्रत्येकावर एकसारखं मशीन. मी डबीच्या तारा जोडते आहे आणि शेजारची शहरी मुलगी मैत्रिणीला कोपरानं ढोसते आहे. "अवो, हे मशीन दवाखान्यातून आनलं काय? सलाईन लावेल हाये याले." चार ओळी हसतात. साहेब मान वर करून विचारतात, "काय चाललंय तिकडं?" आणि माझ्याच दिशेनं चालू लागतात. आता ते येणार, कागद मोठ्यानं वाचणार, आणि मला सगळ्यांसमोर हात वर करावा लागणार. कामरगाव डोळ्यांसमोर आहे, तुम्ही फाटकापाशी उभे आहात हेही माहीत आहे. ते चार टेबलांच्या अंतरावर आले तेव्हा मी तारा ओढून काढल्या, आपल्या मशीनवर कव्हर टाकलं आणि म्हणाले, "साहेब, माझं मशीन बिघडलं. राखीव घेऊ?" त्यांनी मान हलवली. भिंतीशी ठेवलेलं राखीव मशीन शिपायानं आणून दिलं. साहेब लांब जाईपर्यंत हात पदराखालीच राहिला. घंटा झाली. माझी बोटं दोन महिने तुमच्या मांडणीत मुरलेली, ती अनुस्वाराला उजवीकडं धावली आणि कागदावर भलतंच अक्षर उमटलं. मग जुनी सवय आठवावी तर तीही धड आठवेना. धड ना घरची, धड ना दारची अशी गत झाली. तक्ता तर निम्म्यावरच राहिला.

बाहेर आले तर तुम्ही फाटकाला चिकटूनच उभे. "डबी चालली?" चालली, मी म्हणाले. "मात्रा?" लागली. "कागद?" साहेबांनी ठेवून घेतला. कागद माझ्या पोलक्यात होता, घामानं भिजलेला.

निकाल लागला. मी नापास. आठवड्याभरात कामरगावची माणसं साखरपुड्याला येणार असं ठरलं आणि मी इंझोरीला परत आले. त्या दिवशी मी चुलीपाशी भाकरी थापत होते. दाराशी सायकलची घंटा वाजली आणि तुमचा आवाज आला. एसटी चुकली म्हणून तुम्ही मंगरूळहून कुणाची तरी सायकल मागून घेऊन आला होतात. बसायच्या आधी तुम्ही पाणी मागितलंत. माय तांब्या घेऊन घुटमळली, तर तिच्या हातून तो घेऊन गटागटा प्यालात. गावातली तुमच्यासारख्या घरांतली माणसं आमच्याकडं पाणी पीत नसत, म्हणून बाबा आधीच अर्धे नरमले होते. पण शब्द म्हणजे शब्द. "सर, एक डाव म्हनलं होतं. एक डाव झालं."

"तिचा डाव झालाच नाही," तुम्ही म्हणालात. "माहा झाला. मांडनी माही चुकली. पोरीची बोटं बराबर होती, मी कळा चुकीच्या जागी बसोल्या. नापास मी झालो, आन् लगीन तिचं लावता?"

मी आत, पिठानं भरलेल्या हातांनी उभी. दोन पावलं टाकून बाहेर जायचं आणि म्हणायचं, सर, तुमच्या मशीनला मी हातच लावला नाही. एवढंच करायचं होतं. पण ते म्हटलं तर दुसरी संधीही गेली, हे मला बाबांच्या तोंडाकडं न बघताही कळत होतं. माय मध्येच बोलली, "एवढा शिकेल मानूस आपल्या दारात येऊन चूक कबूल करून राह्यला. आनखी काय पाह्यजे?" शेवटी बाबा म्हणाले, "बरं. आनखी एक डाव." तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती. तुम्ही आत डोकावून मला म्हणालात, "घाबरू नको. या खेपेले मी चुकनार नाही."

मग तुम्ही ते चांगलं मशीन मोडलंत. चूक शोधायची म्हणून, जी त्यात नव्हतीच. मात्रा आणखी एका कळेनं सरकवलीत, डबीवरचे आकडे खालून वर लावलेत, पत्र्याची पट्टी कापलीत. डाग देताना अंगठा भाजला, तो पंधरा दिवस बांधून होता. खरं सांगते, दुसरी मांडणी वाईट होती. बोट तिरकं जायचं आणि मनगट दुखायचं. तुम्ही विचारायचे, "आता?" आणि मी म्हणायचे, आता बरं वाटतं. परवानगीचा नवा कागद आणायला तुम्हाला पुन्हा अकोल्याला जावं लागलं, कारण जुना साहेबांनी ठेवून घेतला होता ना! दुसऱ्या खेपेला मी कागद दिला, हात दाखवला. साहेबांनी पाहिलं, सही केली, म्हणाले, "बसा." अर्ध्या मिनिटाचं काम होतं. काठावर का होईना, पास झाले.

नोकरीची ऑर्डर आली तेव्हा पेढे घेऊन तुमच्याकडं आले. तुम्ही ते मशीन गोधडीत बांधूनच ठेवलं होतं. "घेऊन जाय. तुह्याशिवाय याले कोनी ओळखत नाही." एवढ्यात जिन्यावरून एक तरुण आला, वाशीमजवळच्या मालेगावचा. त्याचा उजवा हात लहानपणीच्या तापात वाळलेला, खिशात घालून ठेवलेला.

"सर, आयकलं का तुमी एका बाईले मशीन बनवून देल्लं."

"देल्लं. आन् पयल्या डावाले तिले नापासबी केलं. तिच्या बाबानं माहं आयकलं म्हनून निभलं. तुह्या घरचं नाही आयकलं तं?" तुम्ही त्याच्याकडं पाहतही नव्हता, त्या अंगठ्यावरचा डाग खरवडत होता. "नाही रे बाप्पा. माह्यानं होत नाही. कोनाच्या जिंदगीशी पुन्हा खेळनार नाही मी."

त्यानं दोनदा विनवलं. तुम्ही मान हलवत राहिलात. सर, तिथं मी होते. तुमच्यात आणि त्याच्यात, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन बसलेली. आता बाबांचं भय नव्हतं, नोकरी खिशात होती, सांगितलं असतं तर माझं काहीही जाणार नव्हतं. फक्त तुमच्या नजरेतून उतरले असते. तेवढ्यासाठी मी गप्प बसले. तो जायला निघाला तेव्हा मी पुडा पुढं केला. त्यानं डाव्या हातानं एक पेढा घेतला, "अभिनंदन, ताई" म्हणाला आणि जिना उतरून गेला. त्याचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. मी कधी चौकशीही केली नाही.

माझ्या नोकरीला चार वर्षं झाली तेव्हा तुम्ही गेलात. तेराव्याला आलेले तुमचे विद्यार्थी सांगत होते, सर नेहमी म्हणायचे, माणसानं आपली चूक कबूल करावी, मी त्या पोरीच्या बापासमोर केली तशी. मी खाली मान घालून जेवले. त्यानंतर महिन्याभरात अकोल्याच्या मेकॅनिकला गाठून गोधडीत ठेवलेल्या तुमच्या पहिल्या मांडणीच्या कागदावरून मशीन पुन्हा पहिल्यासारखं करून घेतलं. मात्रा तुमच्या पहिल्या जागी, आकडे तुमच्या पहिल्या क्रमानं. रिटायर होईपर्यंत कचेरीत त्यावरच काम केलं. मनगट कधी दुखलं नाही. पहिलीच मांडणी बरोबर होती, सर. चूक कुठंच नव्हती.

लेक आत झोपली आहे. तिचा कीबोर्ड टेबलावर आहे आणि सकाळी तिला सगळं सांगायचं ठरवलंय, बघू जमतं का. परवानगीचा तो पहिला कागद मी कपाटातून काढला. घड्या तुम्ही घातलेल्या आहेत तशाच, आणि सहीची जागा कोरी. हे पत्र त्यातच घालून ठेवणार आहे. तुम्ही आता नाही, म्हणून पाठवता येत नाही असं मी स्वतःला सांगत होते. पण गिरणीच्या माडीचा पत्ता मला तोंडपाठ आहे, आणि माझी नोकरी लागल्यावरही चार वर्षं तुम्ही तिथंच होतात.