कोरड्या विहिरीतला माझा अर्धा हिस्सा

सर्वप्रथम माझ्या डाव्या चपलेविषयी. ती नवी होती. भूजल कार्यालयाच्या माणसाने आमच्या विहिरीच्या कठड्यावरचा सरकारी क्रमांक डांबराने खोडताना तिच्यावर एक ठिपका पाडला आणि "निघेल हो सर, रॉकेलने" असे आश्वासन दिले. निघाला नाही. ज्यांना डांबरसुद्धा नेमक्या जागी लावता येत नाही, त्यांनी जमिनीखालचे पाणी मोजावे, हा प्रकार कोणत्या रसात बसवावा हे आयुष्यभर संस्कृत शिकवूनही मला उमगलेले नाही.

असो. मी, खाली सही करणारा, संस्कृतचा शिक्षक, वय छप्पन्न, पुढच्या आठवड्यात हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होत आहे. बुद्धी शाबूत, संताप ताजा. दडपण कोणाचेही नाही. पत्नीचे असते ते नेहमीचे, ते कायदा मोजत नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

एक. राहते घर पत्नीला, तिच्या हयातीपर्यंत, नंतर मुलीला. हे कलम पत्नीस वाचून दाखवले. ती म्हणाली, "मेल्यावर तरी सोप्या मराठीत बोला." प्रयत्न करीन.

दोन. संस्कृतचे ग्रंथ शाळेला. मोठा शब्दकोश मात्र शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना, कारण तो गेली कित्येक वर्षे त्यांच्याचकडे आहे आणि परत मागायची आता मला लाज वाटते.

तीन. पाण्याचा पंप धाकट्या भावाला. गाळ ओढून ओढून त्याची मोटर जळाली आहे. तळ लागला तरी ओढत राहायचे हे धोरण त्याचेच होते, तेव्हा फळही त्यालाच मिळावे.

चार. विहीर. इथे जरा बसून घ्यावे.

ही विहीर वडिलांनी खणली आणि वाटणीत कुंपण नेमके तिच्या मधून गेले. म्हणून अर्धी माझी, अर्धी भावाची. शिवाय नदीच्या या सगळ्या खोऱ्यातल्या भूजलाची नाडी पाहण्यासाठी कार्यालयाने ज्या विहिरी निवडल्या, त्यांत ही एक. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर त्यांचा माणूस यायचा, फितीला खडू फासून आत सोडायचा, खडू जिथपर्यंत भिजला ते पाहून आकडा लिहायचा.

पाठोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला. वरच्या अंगाला खोल बोअर पडत गेले. फीत वर आली ती पांढरीफटक.

"कोरडी आहे, सर."

"मग कोरडी लिहा."

"कोरडीला रकाना नाही ना. आकडा लागतो. साहेब म्हणाले, ही यादीतून काढा, दुसरी घ्या."

"कुठली?"

"कालव्याशेजारची. तिला बारमाही पाणी असतं."

अशा कोरड्या पडलेल्या विहिरी एकेक करून यादीतून गेल्या. राहिल्या त्या पाणीवाल्या. मग अहवाल आला: दुष्काळातही खोऱ्याच्या सरासरी भूजलपातळीत वाढ! अहो, नापास होणाऱ्या पोरांची नावे परीक्षेआधी पटावरून कमी केली, तर माझ्याही वर्गाचा निकाल शंभर टक्के लागेल. मी शिक्षक असून हे पाप केले नाही. तिथे मात्र ते केल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. माझी डावी चप्पल त्यांना पोचती करावी. उजवी नको, तिचा काही दोष नाही.

त्या अहवालावर खोऱ्यातली बोअरबंदी उठली. भाऊ वर्तमानपत्र फडकवत आला.

"दादा, पाणी वाढलंय बघ!"

"विहिरीत डोकाव."

"विहीर जुनी झाली रे. बुजवू, वर गाड्या लावू, आणि मारू एक खोल बोअर."

"आणि बोअरला पाणी कुठून येणार?"

"खालून!"

खालून. जणू तिथे कोणी भांडे भरून बसले आहे. पाऊस पडला की आधी माती पिते, मग मुरूम, मग खडकाच्या भेगा. त्यातून उरेल ते खाली. दोन वर्षे उपाशी असलेला माणूस एका जेवणाने अंग धरत नाही. उन्हाळ्यात नदी वाहायची तीसुद्धा याच झिरपलेल्या पाण्यावर. आम्ही ते उपसले आणि आता पुलावर उभे राहून नदीलाच नावे ठेवतो. संस्कृतात पाणी म्हणजे 'आपः', कायम बहुवचनी, एकट्याचे नव्हेच. हे मी भावाला सांगितले. तो म्हणाला, "दादा, बोअरवाल्याला व्याकरण कळत नाही."

तर माझी अर्धी विहीर मी मुलीला देत आहे. अट अशी: ती बुजवायची नाही, तिच्याजवळ बोअर मारायचा नाही. भावाने त्याची अर्धी खुशाल बुजवावी. कशी, ते मलाही पाहायला आवडले असते. वर्षातून दोनदा फीत सोडावी आणि जे दिसेल ते कठड्यावर, डांबराच्या शेजारी, ठळक रंगाने लिहावे. कोरडी असेल तर कोरडी. आमच्या कठड्यावर रकान्यांची अडचण नाही.

पाच. हे कलम कोणाला काही देत नाही.

मुलगी शहर सोडून लेकीसह इथे राहायला येत आहे. तिकडे टँकरच्या रांगेत उभी राहून थकली. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, आपल्या विहिरीला पाणी आहे ना?" मी धीर या विषयावर एक सुभाषित ऐकवले. ती हसली आणि त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. यंदा पाऊस बरा झाला; तळाशी ओल आली, पाणी नाही आले. शस्त्रक्रियेची मला फारशी भीती नाही. भीती ही आहे की मी घर लिहून देतो आहे, आणि त्या घराखाली नातीसाठी पाणी असेल की नाही हे मला माहीत नाही.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, आणि पुन्हा चिडून सही केली.

साक्षीदार: दातांचे डॉक्टर, शेजारी (शब्दकोश मिळाला, म्हणजे होताच). शाळेच्या ग्रंथपाल बाई.

स्थळ: विहिरीचा कठडा, माझ्या बाजूचा.
दिनांक: पावसाळ्यानंतरच्या मोजणीचा.
पातळी: कोरडी.