बदली नवरा

मिरजगाव,
बुधवार, दुपार

प्रिय पुष्पावती,

'प्रिय' हा शब्द पत्राच्या रिवाजाप्रमाणे लिहिला आहे. त्यावरून माझा राग उतरला असं समजू नकोस. सकाळपासून दोनदा दूध उतू घालवलं आणि शेजारच्या कडूबाईंवर उगाच खेकसलो. त्या बिचाऱ्या कुंपणापलीकडून एवढंच म्हणाल्या, "मास्तर, वहिनी कवा येनार हायेत? का तिकडंच चूल मांडली?" एरवी यावर मी काहीतरी खोचक बोललो असतो. आज सुचलं नाही. त्याचाही राग आला.

कारण तुझा जुना फोन. तुझ्या भावाने, कल्याणने, तुला नवा घेऊन दिला, तेव्हा जुना तू माझ्याकडे ठेवून गेलीस. त्यातलं इंग्रजीचा सराव घेणारं यंत्र मात्र तुझ्याच खात्यावर चालू राहिलं. तू भंडारदऱ्याला, भावाने पर्यटकांसाठी टाकलेल्या तंबूंच्या मुक्कामी, यंत्राशी जे बोलतेस, ते इथे माझ्या हातात शब्दशः उमटतं. हे तुला ठाऊक नव्हतं, मलाही परवापर्यंत नव्हतं. मी ते उघडलं ते त्याची संस्कृतची परीक्षा घ्यायला. नापास करायचं ठरवूनच बसलो होतो. तर समोर तुझं बोलणं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे मी वर्गात शिकवतो. वाचलं. तो अपराध माझ्या नावावर धर, पण तुझाही ऐक.

आधीचे धडे ठीक होते. पाहुण्यांना तंबू दाखवणं, चहा की कॉफी विचारणं, धरणाकडे जायचा रस्ता सांगणं. यंत्र तुझ्या प्रत्येक वाक्याला 'फारच छान' म्हणतं. तीस वर्षांच्या नोकरीत मी सबंध गावाला मिळून एवढी शाबासकी दिली नसेल. मग त्याने सुचवलं, की प्रत्यक्षात कोणाशी एखादं अवघड बोलणं करायचं असेल तर त्याचाही सराव करू, समोरच्या माणसाचं काम मी करतो. आणि तू म्हणालीस, माझ्या नवऱ्याशी.

शिक्षक रजेवर गेला की शाळेत बदली शिक्षक येतो. मी रजेवर नव्हतो, पुष्पावती. आपली आरती सासरी गेल्यापासून दोन माणसांच्या उरलेल्या या घरात मी एकटा, भाकरी करपवत का होईना, धडधाकट बसलो होतो; आणि तिकडे माझा बदली माणूस तुझ्यासमोर उभा. तू त्याला सांगितलंस, की काजव्यांच्या मोसमाला पंधरा दिवसांसाठी आले होते, आता इथेच राहायचंय, तंबूंचा कारभार मी बघणार, मिरजगावला सणावाराला येईन. त्यावर तो काय म्हणाला? 'हे ऐकून मला फार आनंद झाला, डिअर.' एकतीस वर्षांत मी तुला चारचौघांत नावाने हाक मारली नाही, आणि हा डिअर म्हणतो. वर आनंद झाला म्हणे. कर्जत तालुक्यात असा एक नवरा मला दाखव, शाळेत त्याचा सत्कार घडवून आणतो.

तुलाही तो पटला नाही, हे वाचून घटकाभर बरं वाटलं. तू त्याला सांगितलंस, माझा नवरा असा बोलत नाही, तो थट्टा करतो. यंत्र आज्ञाधारक. पुढच्या खेपेला त्याने थट्टा केली: म्हणजे आता काजव्यांशी इंग्रजीत बोलणार वाटतं? माझ्या दर्जाची नव्हती. पण त्यावर तुझं उत्तर दोनच वाक्यांचं. 'हां, आता बरोबर. आता मला बोलता येत नाही.'

हा सराव तू अकरा वेळा केलास. अकराही वेळा तिथेच थांबलीस.

आधी यंत्रावर चिडलो, मग कल्याणवर, मग सगळा राग तुझ्यावर आला. मराठीत एकदा सांगून तर बघायचं होतंस. दोन रात्री हेच घोकत होतो. मग आठवलं, की मे महिन्यात निघताना तू ओट्याशी उभी राहून म्हणाली होतीस, मला जरा बोलायचंय. आणि मी म्हटलं होतं, मराठीत की इंग्रजीत? तू हसली नाहीस. पिशवीची चेन लावलीस आणि एसटी स्टँडला निघालीस.

ही थट्टा कुठून आली, ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. सात वर्षांपूर्वी हायवेवर आपल्या दारासमोर त्या परदेशी जोडप्याची गाडी बंद पडली. तू पदर खोचून पुढे झालीस आणि म्हणालीस, 'युवर कार सिक. यू सिट. आय ब्रिंग टी.' ती दोघं बसली, मोठ्या किटलीतला दोन-दोन कप चहा प्याली, मेकॅनिक येईपर्यंत तासभर तुझ्याशी बोलली. पुढे तुझं ते वाक्य मी स्टाफरूममध्ये सांगितलं, आरतीच्या लग्नाच्या पंगतीत सांगितलं, तुझ्या माहेरी तुझ्यादेखत सांगितलं. नक्कल करून. लोक हसले. त्यांच्यासमोर तू मला एकच प्रश्न विचारू शकली असतीस, की त्या तासभर तुम्ही कुठे होता? मी आतल्या खोलीत होतो. उत्तरपत्रिका तपासत होतो, असं तुला सांगितलं. उन्हाळ्याची सुट्टी लागून पंधरा दिवस झाले होते, उत्तरपत्रिका कसल्या. इंग्रजी मला वाचता येतं; बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते, म्हणून दार लोटून बसलो होतो. तुला ते तेव्हाच कळलं होतं. सात वर्षांत कुणाला बोलली नाहीस. त्या यंत्रालाही नाही. एक लांब उत्तर सोडून बाकी सगळं मी शोधून पाहिलं.

राग आता कोणावर आहे, ते लिहीत नाही. तू हुशार आहेस.

यंत्राने तुला विचारलं होतं, तिथे राहावंसं का वाटतं? तुझं उत्तर लांबलचक आहे, बोटाने सरकवत राहिलं तरी संपत नाही. ते मी वाचलं नाही. तो प्रश्न मी विचारायचा होता. मी विचारला नाही, तर उत्तर चोरून कसं घेऊ?

ठरल्याप्रमाणे रविवारी तू इथे, बाराव्या खेपेला, खऱ्या माणसासमोर बोलायला येणार आहेस. येऊ नकोस. मी येतो. फोन केला नाही, कारण फोनवर मला विनोद सुचतात. कागदावर निदान खोडता येतात. या पत्रात सहा खोडले आहेत. गावातला टेम्पोवाला गोरक्ष उद्या तुमच्या बाजूला निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि मोठी किटली पाठवतो. माझा राग गेलेला नाही, आणि तुझं म्हणणं मान्य आहे असंही अजून म्हणवत नाही. पण किटली परत पाठवू नकोस, तिथेच लागेल. रविवारी इंग्रजी बोलणारे पाहुणे आले, तर मी तंबूत शिरून बसणार नाही. बाहेर सगळ्यांच्या नजरेसमोर बसेन, कप विसळीन. ते गेले की तू सांग, मराठीत, पहिल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही.

तुझाच,
रंगनाथ