पूर्वपक्ष आणि पांढरा रुमाल

३ मार्च.
फीफी एशुन पक्षाच्या खासदारकीच्या तिकिटासाठी तिसऱ्यांदा उभा राहतो आहे. माझ्या लॉजिकच्या वर्गात दोन वर्षे शेवटच्या बाकावर. 'म्हणून' आणि 'कारण' यांतला भेद त्याला अखेरपर्यंत उमगला नाही. पुढे होड्यांची इंजिने विकली, मग कौन्सिलर, मग खासदार होऊन थेट राजधानीत, अक्राला. मला मत्सर वाटतो, असे कोणी म्हणू नये. मत्सर समानांत संभवतो. आम्ही समान नाही. सबब मत्सर संभवत नाही.
दुपारी त्याच तिकिटासाठी अर्ज भरला.

८ मार्च, शनिवार.
म्हाताऱ्या एसी ओटूच्या अंत्यविधीला गेलो. पुढच्या रांगेत फीफीला सोफा. मला खांबाआड प्लास्टिकची खुर्ची, तिचाही एक पाय आखूड. सगळे त्याला 'ऑनरेबल' म्हणतात. मला पाहताच तो उठला आणि सोफ्यावर बसण्याचा आग्रह करू लागला. डाव ओळखला. नकार दिला. पाठ धरली आहे.

१३ मार्च.
पत्नी अराबा मासळीला धुरी देणाऱ्या बायकांची पुढारी. पक्षाच्या मतदारांत निम्म्या तिच्याच. पाठिंबा मागितला. मासळी उलटता उलटता म्हणाली, "मास्तर, फीफीनं आम्हाला भट्ट्यांवर छप्पर दिलं. तुम्ही काय दिलंत? व्याख्या."
हा व्यक्तिगत हल्ला आहे, युक्तिवाद नव्हे, हे तिला समजावले. ती हसली. तरी सभेत गाणे उचलण्याचे तिने कबूल केले.

१९ मार्च.
तिकीट ठरवणारी पक्षाची सभा मंगळवारी, मतदानही तिथेच; त्या दिवशी रिवाजाप्रमाणे होड्या समुद्रात जात नाहीत, सगळे गावात असतात. प्रत्येकाला दहा मिनिटे. भाषण मनाला भिडले की आमच्या बायका मध्येच गाणे उचलतात, आणि ते संपेपर्यंत वक्त्याने गप्प उभे राहायचे; घड्याळ मात्र चालूच. ते थांबवण्याची कोणत्याही अध्यक्षाची छाती नाही. ज्याला गाणे, त्याला मते.
खूण ठरली: मी पांढरा रुमाल काढला की अराबाने सूर लावायचा.
योजना: चार मिनिटे पूर्वपक्ष, सहा मिनिटे खंडन. प्रतिपक्षाची बाजू त्याच्याहून चांगली मांडल्याखेरीज ती खोडू नये, हे मी छत्तीस वर्षे शिकवले.

२४ मार्च, सायंकाळ.
पूर्वपक्ष पूर्ण. भट्ट्यांवरची छपरे. मागे एक होडी उलटली तेव्हा फीफी तीन दिवस किनाऱ्यावर बसून होता; बुडालेल्यांची नावे त्याला आजही पाठ आहेत. लिहिताना छातीत जळजळ. दुपारचे आंबवलेल्या मक्याचे केंके शिळे असावे.
खंडनाचा एक शब्द झाला आहे: 'परंतु'. उरलेले सभेत स्फुरेल.

२५ मार्च, मंगळवार.
पूर्वपक्ष अप्रतिम झाला. बुडालेल्यांच्या नावांपर्यंत आलो. त्या माणसाची इतकी स्तुती माझ्याच तोंडून ऐकताना मला दरदरून घाम फुटला. घाम पुसायला रुमाल काढला.
अराबाने सूर लावला. शंभर बायका उठल्या. गाण्यात फीफीचे नाव, सात कडवी. आठवे सुरू होताच अध्यक्षांनी घंटा वाजवली. माझी वेळ संपली होती.
फीफी बोलायला उठला. "सरांनी सांगितलं त्याहून अधिक मला सांगता येणार नाही, म्हणून बसतो," एवढेच बोलून बसला. 'म्हणून' बरोबर वापरले.
निकाल: तो ३८७, मी १२.
घरी अराबाला जाब विचारला. "रुमाल निघाला, मी गाणं उचललं. ठरलं होतं ना?" या प्रतिपादनात दोष सापडत नाही. तिने मत कोणाला दिले, हे विचारले नाही.

२९ मार्च, शनिवार.
पुन्हा अंत्यविधी. लोक मला 'ऑनरेबलचे प्रवक्ते' म्हणाले. आमच्याकडे राजाही प्रवक्त्याच्या तोंडूनच बोलतो, तेव्हा पद हलके नव्हे. फीफीने पुन्हा सोफा दाखवला. पाठीचा विचार करून बसलो. सोफा वाटला होता तितका मऊ नाही.
निवडणुकीच्या प्रचारात तेच भाषण करावे, अशी त्याची विनंती. कागद मागून घेतला, शेवटच्या शब्दापर्यंत वाचला आणि थांबला.
"परंतु... पुढे काय आहे, सर?"
पुढे काही नाही, असे सांगितले.
घरी येऊन तो शब्द खोडला.