काळ्या गाडीतून आलेली खोकी

सौ. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार, आणि भावोजींना उभ्या उभ्या एक (कंबर वाकत नाही म्हणून, राग नसावा).

तुझे गुडघे काय म्हणतात? आम्ही ठणठणीत आहोत, फक्त माझी कंबर धरली आहे. त्याचं असं झालं की नाताळनिमित्त गरजू घरांना द्यायची खोकी भरण्याचं काम यंदा तुझ्या भावजयीने अंगावर घेतलं. अंगावर तिने घेतलं, कंबर माझी धरली. चर्चमागच्या हॉलमध्ये तांदूळ, साखर, चहा, साबण, लोकरीचे मोजे यांचे नुसते डोंगर! मला आधी केक गुंडाळायला बसवलं आणि लगेच उठवलं. (मी फक्त कडा सारख्या करत होतो.) मग चिकटपट्टीवर नेमलं, तिथे मी स्वतःची बाही एका खोक्यात पॅक केली. ते असो.

आज सकाळी खोकी न्यायला आलेला टेम्पो हॉलच्या दारातच बंद पडला. नाताळ उद्यावर! सगळ्यांची तोंडं उतरली. तेवढ्यात आमच्यातला शवपेट्या बनवणारा सुतार चाचरत म्हणाला, "माझी गाडी आज रिकामी आहे." ताई, ती गाडी! काळी, लांबलचक, दोन्ही बाजूंना काचा. तुझी भावजय म्हणाली, "आण. गाडीला काय कळतंय आत कोण आहे ते."

पहिल्याच घराशी थांबलो तर खिडकीतून एक आजी ओरडल्या, "पुढे जा! इथे सगळे धडधाकट आहेत!" त्यांची समजूत घालेपर्यंत साखरेचा पुडा फुटला.

पण खरी गंमत पुढे. एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणारे मास्तर राहतात. शिकवण्या बंद पडल्या, माणूस मानी. मागच्या वर्षी त्यांनी खोकं दारातूनच परत पाठवलं होतं. त्यांच्या खाली बेकरीवाल्या बाई. पहाटेच्या व्हायोलिनवरून दोघांचं असं वाजलं होतं की बोलणंच बंद. आमची गाडी थांबलेली बघून बाई पिठाच्या हातांनीच बाहेर धावल्या, वर बघितलं आणि जिन्यातच बसकण मारून रडायला लागल्या. मी सांगायला तोंड उघडलं, पण ऐकतंय कोण! शेजारीपाजारी जमले. कुणी म्हणे, माझ्या पोरीला फुकट शिकवलं. बाई म्हणाल्या, "ते वाजायचं तेव्हा मी उठायचे हो. आता मला कोण उठवणार?"

तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. दार किलकिलं होतं आणि अंगावर घोंगडी घेतलेले मास्तर सगळं ऐकत उभे होते. डोळे भरलेले. मी गप्प राहिलो. (हो, मी.) शेवटी तेच घसा साफ करून म्हणाले, "बाई, मग बादलीने छत का ठोकायचात?"

बाईंनी अशी किंकाळी फोडली की सुताराच्या हातातलं खोकं माझ्या कमरेवर आलं. मग त्या तरातरा वर गेल्या, मास्तरांना चांगलं झापलं आणि पदराने त्यांच्या घोंगडीला लागलेलं पीठ पुसत बसल्या.

खोकं आत ठेवताना मी स्वयंपाकघर पाहिलं. फळीवर चहापुडीचा डबा, बाकी काही नाही. मी पाहिलेलं मास्तरांनीही पाहिलं. म्हणाले, "एवढ्या लोकांना रडवल्यावर नको कसं म्हणू? ठेवा." बाई लगेच म्हणाल्या, उद्या जेवायला खाली यायचं, आणि व्हायोलिन घेऊन. मास्तरांनी ते तिथेच काढलं. सगळा जिना गप्प बसून ऐकत होता, तुझी भावजयसुद्धा. ताई, मला इतका आनंद झाला की काय सांगू!

तुझा,
धाकटा

ता. क. : सुताराला दुपारी खऱ्याखुऱ्या कामाचं बोलावणं आलं आणि गाडी गेली. निम्मी खोकी उरली आहेत. तुमची नवी मोटार हवी आहे.

ता. क. २ : समोरासमोर मागितली की तू भाषण सुरू करतेस, म्हणून लिहून काढलं. हे पत्र दाराखालून सरकवतो आहे. आम्ही दोघं खोक्यांसकट तुझ्या पायरीवरच उभे आहोत. चावी घे आणि दार उघड.