वांग्याचं नाव

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही गेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. तुमच्यापुढं कधी तोंड उघडता आलं नाही, आता तरी ऐकून घ्या. परवा नात इंग्रजी शब्द पाठ करत बसली होती. शब्द आणि पुढं त्याचा मराठी अर्थ, इतकं सरळ. ते ऐकलं आणि माझं डोकंच सणकलं.

कळमनुरीच्या आपल्या शाळेत इंग्रजी शब्द उर्दूतून शिकायचा. निजामाचा अंमल, शाळा उर्दूची, ते तुमच्या हातात नव्हतं, कबूल. ‘पेशन्स म्हणजे सब्र, जस्टिस म्हणजे इन्साफ,’ असं आम्ही डोलत घोकायचो. ज्याच्या घरात यातलं काहीच कुणी बोलत नव्हतं त्या पोरानं एका परक्या शब्दाला दुसऱ्या परक्या शब्दाचा टेकू द्यायचा. पण मराठी शब्द निघाला की छडी, हा नियम कुणी हैदराबादेहून पाठवला नव्हता. तो तुमचा स्वतःचा. मराठी जिभेवर बसली की इंग्रजी उतरून जाते, असं तुम्ही सांगायचात. आणि शाळेला लागूनच तुमचं घर, तिथून मास्तरीणबाई तुम्हाला मराठीतच हाक मारायच्या, ती वर्गात आम्हाला ऐकू यायची.

बाजाराच्या दिवशी तुम्ही वर्गच बाजारात न्यायचात. छडी ज्या ढिगावर टेकवाल त्याचं आधी इंग्रजी सांगायचं, मग उर्दू. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. गूळ, मिरची, सुतळी, कंदील, सगळं मला यायचं. त्या दिवशी तुम्ही छडी माझ्या आईपुढच्या वांग्यांवर टेकवली. ती माझी आई आहे, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. मी ‘ब्रिंजल’ म्हणालो, ‘बैंगन’ म्हणालो. आई कौतुकानं बघून राहिली होती. तिनं विचारलं, “काय म्हनला रं, लेकरा?” आई विचारतेय म्हटल्यावर मी काय करणार? “वांगे गं, आई,” म्हणालो. तुम्ही तिथंच, गिऱ्हाइकांसमोर, माझा हात धरून छड्या ओढल्या.

आई उठून उभी राहिली. “काहून मारता, मास्तर? बराबर तर बोललं पोरगं.” तुम्ही तिला स्वच्छ मराठीत सांगितलं, “बाई, तुम्ही त्याच्याशी बोलता म्हणून त्याचं इंग्रजी बिघडतं. पोरगं शिकावं असं वाटतं ना? मग त्याचा अभ्यास चालू असला की तोंड बंद ठेवत जा.” आणि पुढच्या ढिगाकडं निघून गेलात. तुमच्यापुरतं ते तिथंच संपलं.

माझ्या आईनं ते खरं मानलं. मास्तर म्हणाले म्हणजे तसंच असणार. त्या संध्याकाळपासून मी घोकायला बसलो की ती गप्प. भाकरी पुढं सरकवायची आणि हातानंच ‘जेव’ म्हणायची. शेजारीण आली तर ओठावर बोट ठेवून तिला दारातूनच परत पाठवायची. आधी जेवताना मला बाजारातल्या गमती सांगायची, कोण कुणाशी भांडलं, कुणाचा बैल कुठं उधळला. ते बंदच झालं. मी म्हणायचो, “आई, तसं काई नसतं गं, बोल ना.” पण तुमच्यापुढं माझं कोण ऐकतंय? होता होता अभ्यास नसला तरी तिला ती सवयच लागली. इकडं माझे शब्द वाढत गेले, इन्स्पेक्टरपुढं मला उभं करून तुम्ही शाबासकी मिळवली. आणि माझ्या घरात बोलणं राहिलं नाही.

मग निजामी गेली. तुम्ही त्याच्या आधीच तापानं गेला होतात, सुटलात. मी मास्तरकीच्या जागेसाठी हिंगोलीला गेलो. बाहेरून आलेल्या साहेबानं विचारलं, पेशन्सला मराठीत काय म्हणतात? माझ्या तोंडून सब्र निघालं. जस्टिस? इन्साफ. “मराठीत सांगा, मराठीत,” असं तो म्हणत राहिला आणि मला माझ्याच भाषेत काही सुचेना. बाजूचा कारकून हसून राहिला. साहेब म्हणाला, “आधी मराठी शिकून या.” मला, मास्तर. वांगं म्हटलं म्हणून ज्यानं मार खाल्ला त्याला.

घरी येऊन चुलीपुढं बसलो. काय झालं, असं आईनं खुणेनंच विचारलं. म्हटलं, जागा मिळाली नाही, आता इंग्रजी मराठीतून शिकवायचं आहे, मराठी चांगली पाहिजे. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. भीत भीत ती म्हणाली, “मंग आता बोलू का रं?”

एवढ्या एका प्रश्नाची माफी तुम्हाला कधीच मिळायची नाही. पुढं जागा मिळाली, जन्मभर इंग्रजीच शिकवलं, त्याचे आभार मी मानणार नाही. हे पत्र पाठवायला पत्ताही नाही, पेटीत ठेवून देतो. फक्त एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, ती तुम्हालाच सांगतो. आईनं तसं विचारलं तेव्हा मला ‘बोल’ म्हणता आलं नाही. मीही नुसती मान डोलावली.