दौलतरावांची खुर्ची

वैजयंती,

मी संसाराचा त्याग केला आहे. सध्या गच्चीवर आहे.

लग्न झाल्यापासून उन्हाळाभर मी अंगणात बाजेवर बसून स्टीलच्या ताटात जेवतो. आज तुझ्या कॉलेजातले दौलतराव रिसोडहून जेवायला येणार, तर अंगणात टेबल, त्यावर तुझ्या माहेरची कशिद्याची चादर, तांब्यात मोगरा आणि रसासाठी काचेच्या वाट्या! वर मलाच विचारतेस, "काहून तोंड पाडून बसले तुमी?" तोंड मूळचंच तसं आहे.

पाहुण्यांची खुर्ची मी कडुनिंबाखाली सरकवली आहे. तिथे वारा छान येतो. संध्याकाळी वर कावळे मुक्कामाला येतात, ते त्यांना सांगत बसू नकोस.

रस वाढलास की जरा मोठ्यानं हाक मार. वाटी मात्र मलाही काचेचीच दे.