दिवा तीनदा सांगतो

प्रिय धाकट्या मिस्त्रीबाई,

आजचा धरून दोन रविवार झाले, तुझा फोन नाही. सकाळपासून फोन शर्टाच्या खिशात ठेवून बसलो आहे, थरथरला तर कळावं म्हणून. माझंच काहीतरी चुकलं आहे एवढं मला समजतं, पण नेमकं काय, ते समजत नाही, आणि विचारायला फोन लावावा तर हात पुढे होत नाही. म्हणून कागद घेतला. ते सांगेनच, पण आधी गॅरेजमधली माझी एक फजिती ऐक, कारण ती कळल्याशिवाय पुढचं तुला पटायचं नाही. हसू आलं तर हस. तुझी आई गेल्यापासून या घरात माझ्यावर हसायला कुणी उरलेलं नाही.

वकील आठवतो ना तुला? कोर्टातला नव्हे, आपला घरसामान वाहणारा ट्रकवाला. ऑइल बदलायचं म्हटलं तरी दोन्ही बाजू मांडतो म्हणून तूच त्याचं नाव ठेवलंस. त्याचा तो म्हातारा निळा ट्रक गेल्या सोमवारी खुरडत आला. गिअर आपोआप बदलणारा ट्रक, पण तिसऱ्या गिअरमध्ये हटून बसलेला. सपाटीला कसाबसा चालायचा, चढ दिसला की जीव टाकायचा. समोर इंजिनचा पिवळा दिवाही लागलेला. वकील म्हणाला, मिस्त्री, आधी त्या दिव्याचं काय ते बघा. मी म्हणालो, दिव्याकडे कशाला बघायचं, गाडीचं दुखणं कानाने कळतं. मग नेहमीसारखी ती लांब सळई काढली, एक टोक गिअरबॉक्सवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले, दोनदा मान हलवली आणि निकाल दिला: बेअरिंग गेलं. वकिलाने पहिल्यांदाच वाद घातला नाही. चाळीस वर्षांत सळई कधी चुकलेली नाही, हे त्यालाही माहीत आहे.

तीन दिवस लागले गिअरबॉक्स उतरवून खोलायला. एकट्याने केलं सगळं. वजन पेलायला जॅक आहे, पण उजेडाला वरून बॅटरी धरायला कुणी नाही, ती दातात धरली. पूर्वी तू धरायचीस आणि मी अजून वर, अजून वर म्हणून ओरडायचो, तुझा हात भरून यायचा. सगळे भाग रॉकेलने धुऊन जुन्या चादरीवर मांडले. तुला सांगतो, त्या गिअरबॉक्सला काहीही झालेलं नव्हतं. बेअरिंगं अशी गुळगुळीत फिरत होती की मला माझीच लाज वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शुक्रवारी परत सगळं जोडलं, बसवलं, चक्कर मारली. ट्रक तिसऱ्यातच, आणि दिवा तसाच पिवळा. वकील फाटकाशी उभा होता. पाठ फिरवून घराकडे चालू लागला.

आता खरं सांगतो. त्या दिवशी सळईतून मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ना घरघर, ना करकर, नुसती लोखंडाची थरथर हनुवटीला लागत होती. चांगला गिअरबॉक्स आणि बिघडलेला गिअरबॉक्स मला आता सारखाच वाटतो. वर्ष होत आलं याला. आधी उजवा कान गेला, मग डावाही त्याच्या मागे निघाला. गिऱ्हाईक काय बोलतं ते मी ओठांवरून ओळखतो, उरलेलं अंदाजाने ठोकून देतो. कानाच्या डॉक्टरकडे गेलो नाही. कान हीच ज्याच्या दुकानाची पाटी, त्याने कानाच्या डॉक्टरच्या बाकावर बसायचं आणि उद्या ते गावभर व्हायचं, हे मला सोसवलं नाही. सोंग आणायला गेलो आणि दुसऱ्याचा धडधाकट गिअरबॉक्स खोलून बसलो.

काल सकाळी स्पेअरचं कपाट उघडलं तर दाराच्या आतल्या बाजूला तुझा कागद दिसला. शिकाऊ होतीस तेव्हा लिहून चिकटवलेला, दिव्याच्या लुकलुकण्याचा अर्थ सांगणारा. तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, नाडी बघणाऱ्याला कसल्या चिठ्ठ्या दाखवतेस. तू कागद काही काढला नाहीस. तुझी आई माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. काल तो वाचून डॅशबोर्डखालच्या सॉकेटची दोन भोकं तारेच्या तुकड्याने जोडली, चावी फिरवली आणि ट्रकमध्ये एकटाच बसलो. दिवा बोलायला लागला. दोनदा लांब, चारदा छोटा. थांबला. परत दोनदा लांब, चारदा छोटा. परत एकदा. तू लिहिलं आहेस ना, प्रत्येक बिघाड तो तीनदा सांगतो. न चिडता, न आवाज चढवता. चोवीस: वेगाच्या सेन्सरकडून खबर येत नाही. गाडी किती वेगात आहे हेच कळेना, म्हणून बिचारा जपून तिसऱ्यातच थांबला होता. त्या सेन्सरची वायर चासीवर घासून आतून तुटली होती. बोटभर तुकडा बदलला, ट्रक चढावर पहिल्या गिअरमध्ये आला. वकिलाने माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी बोलला. काय ते मला कळलं नाही. नंतर मी पुन्हा त्या सीटवर जाऊन बसलो आणि दिव्यासाठी चावी फिरवली. बऱ्याच दिवसांनी कुणाचं तरी बोलणं, दिव्याचं का होईना, मला पहिल्यापासून शेवटपर्यंत समजत होतं.

तर फोनचं. आई होती तेव्हा फोन तीच घ्यायची आणि जेवताना मला सारांश सांगायची. ती गेल्यावर तू दर रविवारी मला फोन करायला लागलीस, आणि गेले सात-आठ महिने मी तुझं एक वाक्य धड ऐकलेलं नाही. तू थांबलीस असं वाटलं की मी हो म्हणतो, मग अस्सं म्हणतो, मग छान. आजवर ते खपून गेलं. शेवटचा फोन केलास त्या रविवारी तू खूप वेळ बोललीस, एरवीपेक्षा सावकाश. मध्ये थांबलीस. मी म्हणालो, छान झालं, अगदी छान झालं. मग फोनवर पाहिलं तर तू ठेवून दिला होतास. तेव्हापासून मी मनात सगळे बिघाड लावून पाहिले, नोकरीचा, जावईबापूंचा, तुझ्या तब्येतीचा, आणि एकेकाला छान झालं म्हणून पाहिलं. झोप उडाली. बाई, तू मला काय सांगितलंस आणि मी कशाला छान म्हणालो? राग असला तर असू दे, पण तेवढं कागदावर लिहून पाठव. आणि अक्षर मोठं काढ, मी तीनदा वाचणार आहे.

तुझाच,
कानाने अधू झालेला थोरला मिस्त्री